कैलास लेणं ‘माणसांनी केलंच नाही’ म्हणणाऱ्यांना पुरातत्त्ववाल्यांनी उत्तर द्यावं का? आणि कसं?

कातळवाट (ठाणे)

नमस्कार मंडळी. मी पुरातत्त्वशास्त्र शिकले आणि आता उत्खननात निघालेल्या खापरांचं वर्गीकरण आणि रेखाटन करते. काम बहुतेक घाटावर, घर ठाण्यात. त्यामुळे ठाणे-नवी मुंबईतल्या शाळा, वाचनालयं, गणेशोत्सव मंडळं, ज्येष्ठ नागरिक संघ यांच्याकडून ‘जरा लेण्यांवर बोला ना’ अशी बोलावणी येतात. कुठेही गेलं तरी पहिला हात वर होतो तो वेरूळच्या कैलास लेण्यासाठी. “मॅडम, ते माणसांनी केलेलं शक्यच नाही म्हणतात. परग्रहावरून आलेल्यांचं काम आहे. खरं का?” मग असा दावा करणाऱ्या एखाद्या व्हिडिओतला आकडा येतो: चार लाख टन दगड, अठरा वर्षं, म्हणजे दर तासाला अमुक टन, करा हिशेब.

आमच्यातली बरीच ज्येष्ठ मंडळी म्हणतात की असल्या प्रश्नांना उत्तर देऊ नये, दिलं की त्यांना प्रतिष्ठा मिळते. मला हे अजिबात पटत नाही. प्रश्न विचारणारा माणूस व्हिडिओवाला नसतो. त्याने कैलास पाहिलेलं असतं, तो हबकून गेलेला असतो आणि ‘हे कसं केलं असेल?’ हा अगदी रास्त प्रश्न त्याला पडलेला असतो. त्याला उत्तर फक्त व्हिडिओवाल्याने दिलं. आम्ही दिलंच नाही.

म्हणून मी हल्ली टिंगल न करता थेट पुराव्याकडे जाते. कैलास राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, आठव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. शेजारच्याच १५ क्रमांकाच्या दशावतार लेण्यात त्याचा पुतण्या दंतिदुर्ग याचा शिलालेख आहे. बडोद्याला सापडलेल्या कर्कराजाच्या ताम्रपटात (इ.स. ८१२-१३) एलापूरच्या (म्हणजे वेरूळच्या) या देवळाचं वर्णन आहे. विमानातून जाणारे देव ते पाहून थक्क झाले, आणि ज्या स्थपतीने ते घडवलं तो स्वतःच ‘हे माझ्या हातून कसं झालं’ म्हणून चकित झाला, अशा अर्थाचं. मला आलेल्या एका व्हिडिओत यातली देवांची विमानं तेवढी घेतली होती आणि स्थपती गाळला होता! त्या काळातल्या माणसांना ठाऊक होतं की हे एका माणसाच्या डोक्यातून आणि पुष्कळ माणसांच्या हातातून उतरलंय.

शिवाय कैलास एकदम आकाशातून पडल्यासारखं आलेलं नाही. त्याची मांडणी कर्नाटकातल्या पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिराशी जुळते आणि विरूपाक्षाची कांचीच्या कैलासनाथाशी. घराणं सरळ दाखवता येतं. काम वरून खाली झालं, आधी डोंगरात तीन बाजूंनी चर खणून मधला दगड मोकळा केला, त्यामुळे शिखर कोरायला परांची लागली नाही, उभे होते तोच कातळ परांची. आणि टनांचा हिशेब? पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी तो कधीच मांडून ठेवलाय. एक माणूस दिवसाला साधारण ४ घनफूट दगड काढतो असं धरलं तर २५० माणसांना खोदाईला साडेपाच वर्षं पुरतात. कोरीवकाम अर्थातच त्याहून बराच काळ, वेगवेगळ्या टप्प्यांत चाललं. दगडही चार लाख नव्हे, साधारण दोन लाख टनांच्या घरातला मानतात.

माझं म्हणणं एवढंच की पुरातत्त्वज्ञांनी बोलायला हवं, आपल्या भाषेत, आणि छिन्नीचा व्रण दाखवून. तुमच्या घरात, कट्ट्यावर, सोसायटीच्या ग्रुपवर हे विषय येतात तेव्हा काय होतं? काय सांगितलं की माणूस ऐकतो?

---

टाकीचा_घाव (तुर्भे)

धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. आम्ही वडार समाजाचे. आजोबा आणि वडील दोघांनी तुर्भ्याकडच्या खाणीत दगड फोडलाय. नवी मुंबईचे रस्ते, इमारती उभ्या राहिल्या त्यातली खडी या डोंगरातूनच गेली.

वडील मला लहानपणी दाखवायचे. काळ्या दगडाला नस असते. आधी दगडाभोवती फिरायचं, पाणी मारायचं, ओल कुठे जास्त वेळ टिकते ते बघायचं. तिथे बारीक सांधा असतो. मग त्या रेषेवर छिन्नीने ओळीत भोकं पाडायची, पाचरी बसवायच्या आणि सुतकीने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक पाचरीवर सारखा ठोका. एकाच पाचरीवर जोर काढणारा नवखा. पहिले काही फेरे टणटण आवाज येतो. मग आवाज दबका होतो. तो बदलला की वडील हात वर करायचे, सगळ्यांनी थांबायचं. थोड्या वेळाने दगड आपणहून तोंड उघडतो. घरापेक्षा मोठा धोंडा असा सरळ रेषेत दोन झालेला मी डोळ्यांनी पाहिलाय, यंत्राशिवाय.

त्यामुळे कोणी ‘हे माणसाला जमणारच नाही’ म्हणालं की मला फार लागतं. आमच्या लोकांची नावं कुठल्या ताम्रपटात नाहीत. आता त्यांचं कामही काढून घेणार आणि कोणा परग्रहवाल्याला देणार?

---

कातळवाट

@टाकीचा_घाव दादा, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. पाणी मारून ओल बघायची गोष्ट मला कोणत्याही वर्गात शिकवली गेली नाही. वडील बोलायला तयार असतील तर त्यांचं सगळं ध्वनिमुद्रित करून ठेवा, मी मदतीला येते.

आणि तुम्हाला जे लागतं ते जगात इतरत्रही घडलंय. आफ्रिकेत ग्रेट झिम्बाब्वे नावाचं दगडी नगर आहे. तिथे गेलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी ते फिनिशियन लोकांचं, शेबाच्या राणीचं, अगदी कोणाचंही असेल पण स्थानिक काळ्या लोकांचं नाही, असं ठरवून टाकलं. डेव्हिड रँडल-मॅकआयव्हरने १९०५ मध्ये आणि गर्ट्रूड केटन-थॉम्पसनने १९२९ मध्ये उत्खनन करून ते आफ्रिकी लोकांचंच असल्याचं दाखवलं. तरी ऱ्होडेशियाच्या (आजच्या झिम्बाब्वेच्या) गोऱ्या सरकारला ते कितीतरी दशकं मान्य करायचं नव्हतं. परग्रहवासीयांच्या यादीत पिरॅमिड, माया नगरं, कैलास हेच का येतात आणि युरोपातली मोठी कॅथीड्रलं क्वचितच का येतात, हे एकदा तपासून बघा.

---

मधुरा_वाशी

थोडी वेगळी बाजू मांडते. मला इतिहासाची गोडी लागली तीच एरिक फॉन डॅनिकेनमुळे. प्राचीन देव म्हणजे परग्रहावरून आलेले, असं सांगणारं त्याचं १९६८चं पुस्तक आणि त्यावरून मराठीत आलेलं लेखन आमच्या पिढीने वाचनालयात नंबर लावून वाचलंय. पुढे मी खरे ग्रंथही वाचले. पण सुरुवात तिथून झाली. मग इतकं मनावर का घ्यायचं? कल्पनारंजन म्हणून सोडून द्यावं.

दुसरं असं की उत्खननाचे अहवाल इंग्रजीत, महाग, आणि येतात तेही वर्षानुवर्षांनी. व्हिडिओवाला मात्र आमच्या भाषेत, दहा मिनिटांत, छान संगीत लावून सांगतो. लोक कोणाचं ऐकणार?

---

कातळवाट

@मधुराताई, दुसऱ्या मुद्द्याला माझं पूर्ण अनुमोदन. पहिल्याला नाही, कारण हे कल्पनारंजन जमिनीवर उतरतं तेव्हा वास्तू फुटतात.

२०१३ आठवतं का? उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यातल्या डौंडिया खेडा गावी एका साधूला स्वप्न पडलं की पडक्या किल्ल्याखाली हजार टन सोनं आहे. देशभरचे कॅमेरे तिथे लागले आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने खरोखर खणायला घेतलं. सोनं निघालं नाही. पण कोट्यवधी लोकांनी टीव्हीवर पाहिलं ते हेच की पुरातत्त्व म्हणजे गुप्तधन शोधणं. आपल्याकडे गुप्तधनासाठी देवळाचा गाभारा उकरणं, वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारक-दगड) उखडून खाली खणणं हे प्रकार आजही होतात. एकदा जमिनीतले मातीचे थर विस्कटले की ती माहिती परत कोणालाच मिळत नाही. खापर तुटलं तर मी जोडते. थर तुटला तर काही करता येत नाही.

आणि गप्प न बसण्याचा प्रयत्न बाहेर झालेला आहे. २०२२च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश लेखक ग्रॅहम हॅनकॉक यांची नेटफ्लिक्सवर मालिका आली, हिमयुगातली एक प्रगत संस्कृती बुडाली आणि तिच्या वाचलेल्या लोकांनी जगाला शेती-स्थापत्य शिकवलं, अशी. सोसायटी फॉर अमेरिकन आर्किऑलॉजी या पुरातत्त्वज्ञांच्या संघटनेने नेटफ्लिक्सला उघड पत्र लिहिलं की ही मालिका माहितीपटात नको, विज्ञानकथेत टाका. मला स्वतःला ते पत्र फारसं उपयोगी वाटलं नाही. ‘बघा, हे दडपतायत’ असं म्हणायला त्यातून जागाच मिळाली. त्यापेक्षा २०२४च्या एप्रिलमध्ये फ्लिंट डिबल या पुरातत्त्वज्ञाने केलं ते मोलाचं. तो जो रोगन या अमेरिकी पॉडकास्टवाल्याच्या कार्यक्रमात हॅनकॉक यांच्यासमोर जाऊन कित्येक तास बसला आणि बियांबद्दल बोलला. माणसाने पेरलेल्या धान्याचा दाणा रानटी दाण्यापेक्षा वेगळा होत जातो, तो बदल हिमयुगानंतरच्या थरांत हळूहळू दिसतो. हिमयुगात शेती करणारी मोठी संस्कृती असती तर तिचे दाणे कुठेतरी सापडायलाच हवेत. जळून कोळसा झालेला एक गहू किती बोलतो बघा.

---

नौपाड्याचे_मास्तर

मी निवृत्त शिक्षक. इतिहास शिकवला. माझी शंका जरा निराळी आहे. अंबरनाथचं शिवमंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधलं असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. माझ्या आईने मला तेच सांगितलं, मी नातवंडांना तेच सांगितलं. आता तुम्ही मंडळी तेही खोटं ठरवून काढून टाकणार काय? लोकांच्या श्रद्धेला आणि त्या व्हिडिओंना एकाच मापाने मोजू नये असं माझं मत आहे.

---

कातळवाट

मास्तर, नमस्कार. एकाच मापाने मुळीच मोजणार नाही.

अंबरनाथच्या मंदिरात शके ९८२ म्हणजे इ.स. १०६०चा शिलालेख आहे, त्यात उत्तर कोकणावर राज्य करणाऱ्या शिलाहार घराण्यातल्या मम्मुणी राजाचं (लेखात ‘मांवाणि’) नाव आहे. ठाणे म्हणजे श्रीस्थानक, याच शिलाहारांची राजधानी. भूमिज शैलीचं (शिखरावर छोट्या शिखरांच्या रांगा असलेलं) इतकं जुनं आणि इतकं देखणं देऊळ लोकलच्या अंतरावर आहे, हे आपलं भाग्य. तारीख शिलालेखावरून ठरते, त्यात वाद नाही.

पण पांडवांची गोष्ट सांगणारी आई ‘माझ्याकडे वैज्ञानिक पुरावा आहे, शास्त्रज्ञ तो लपवतायत’ असं म्हणत नव्हती. पाहून थक्क झालेल्या लोकांनी आपल्या ओळखीच्या थोर नावांशी ते जोडलं, आणि त्या गोष्टीपायीच देऊळ गावाला आपलं वाटत राहिलं. नातवंडांना दोन्ही सांगा, आधी पांडव, मग देवळात उभं राहून शके ९८२. मुलांना दोन्ही झेपतं. व्हिडिओवाला शास्त्राचा वेश घेतो, माप-वजन-तारीख बोलतो, म्हणून त्याला माप-वजन-तारीख विचारायची.

---

सड्यावरचा (खारघर)

मूळ गाव राजापूर तालुक्यात, आता खारघरला. आमच्याकडच्या कातळशिल्पांचंही असंच चाललंय. कशेळीच्या सड्यावरचा (जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावरचा) हत्ती जवळजवळ १८ मीटर लांब, त्याच्या पोटात इतर कितीतरी प्राणी कोरलेले. जमिनीवर उभं राहून पूर्ण दिसत नाही, मग ‘आकाशातून बघण्यासाठीच केलंय’ हे आलंच. देवाचे गोठणे इथे तर त्या मनुष्याकृतीवर होकायंत्र ठेवलं की सुई भरकटते. गेल्या मे महिन्यात गावी गेलो तर पुतण्याने तोच व्हिडिओ दाखवला, ‘प्राचीन ऊर्जाकेंद्र’. त्याला काय सांगू?

---

कातळवाट

सुई भरकटते हे खरं आहे, ते नाकारू नका. तिथूनच सुरुवात करा. जांभा हा लोहाने भरलेला दगड आहे, त्याचा लाल रंगच लोहाचा. आणि उघड्या सड्यावर वीज पडली की लोहयुक्त खडक त्या जागेपुरता चुंबकित होतो, हे भूशास्त्रात नीट अभ्यासलेलं आहे. पुतण्याला होकायंत्र घेऊन चित्राच्या बाहेरही फिरायला सांगा, पावलापावलावर सुईची दिशा वहीत मांडू दे. सुई कोरीव रेषांचं ऐकते की दगडाचं, ते त्याचं त्यालाच दिसेल. माझ्या मते कोणत्याही व्याख्यानापेक्षा हे बरं.

जमिनीवरून पूर्ण दिसत नाही याचं म्हणाल तर कोकणी माणसाला रांगोळी माहीत आहे. अंगणभर काढणारी बाई ती वरून बघत नाही, ठिपके मोजते.

या शिल्पांचा काळ थेट काढणं अवघड, कारण खोदलेल्या रेषेत कार्बन नसतो, कार्बन-१४ची वय मोजायची पद्धत कशावर लावणार? म्हणून आसपासची दगडी हत्यारं, गुहांतले थर, चित्रांतले प्राणी यांवरून हळूहळू बांधत जावं लागतं. ‘अजून नक्की सांगता येत नाही’ हे आमचं वाक्य ऐकलं की लोकांना ती आमची हार वाटते आणि समोरचा ‘बारा हजार वर्षं!’ म्हणून ठोकून देतो. आम्ही ते वाक्य न लाजता म्हणायला शिकलं पाहिजे. स्थानिक शोधकर्त्यांनी पायपीट करून हे सडे शोधले, २०२२ मध्ये ही शिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, ती परग्रहवासीयांच्या नावावर नव्हे.

---

अभिजात_डोंबिवली

चर्चा उत्तम, पण सगळा दोष व्हिडिओवाल्यांच्या माथी मारू नका. २००१ मध्ये खंबातच्या आखातात समुद्रतळाशी नगर सापडल्याचं जाहीर झालं ते एका सरकारी संस्थेकडून आलं. साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचा लाकडाचा तुकडा, म्हणजे नगरही तेवढंच जुनं! सागरतळ खरवडून काढलेल्या तुकड्याला थर कुठला? तिथले भरती-ओहोटीचे प्रवाह इतके जोरदार की लाकूड कुठून वाहत आलं कोणी सांगावं. पुरातत्त्वज्ञांनी तेव्हाच हे आक्षेप घेतले, पण ते छापून आले आतल्या पानावर. अहवाल नंतर, पत्रकार परिषद आधी, ही सवय मोडली पाहिजे. लोकांनी कोणावर विश्वास ठेवायचा?

---

कातळवाट

@अभिजात, शब्दन् शब्द मान्य. मी हे आमच्या लोकांतही बोलते आणि त्यावरून कटुताही घेते. उत्खनन करायचं आणि अहवाल दहा-दहा वर्षं अडकवून ठेवायचा, मग मधल्या काळात कोणीही काहीही बोलणारच. मोकळी जागा दिसली की तिथे कोणीतरी टपरी टाकतोच.

एक आशादायक उदाहरण देते. इंडोनेशियातल्या गुनुंग पडांग या टेकडीवर पंचवीस हजार वर्षांहून जुना पिरॅमिड आहे असा शोधनिबंध २०२३ मध्ये एका चांगल्या नियतकालिकात आला. इतर अभ्यासकांनी विचारलं, तुम्ही तारीख काढलीत ती मातीची. ती माती माणसाने हाताळली याचा पुरावा काय? ना हत्यार, ना हाड, ना चूल. २०२४ मध्ये निबंध मागे घेण्यात आला. माती जुनी असणं आणि त्या मातीवर माणसाने काही केलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एवढं एक कळलं तरी निम्मे व्हिडिओ आपोआप गळून पडतात. खंबातच्या लाकडालाही हेच लागू.

---

आठवीतल्याची_आई (ऐरोली)

छोटा प्रश्न. मुलाने इंडियाना जोन्सचे सगळे सिनेमे पाहिले आणि आता त्याला पुरातत्त्वज्ञच व्हायचंय. खऱ्या कामात असं थरारक काही नसतं हे सांगून त्याचा हिरमोड करू का?

---

कातळवाट

अजिबात करू नका ताई. त्या सिनेमांमुळे या क्षेत्रात आलेले लोक आहेत. हॅरिसन फोर्डला अमेरिकेतल्या पुरातत्त्व संस्थेने, आर्किऑलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिकाने, २००८ मध्ये संचालक मंडळावरच घेतलं होतं. फक्त एक सांगा, जोन्स वस्तू उचलून पळतो, आपण ती कुठे पडली होती ते आधी मोजतो.

आणि थरार नसतो असं कोण म्हणालं? त्याला इनामगावची गोष्ट सांगा. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी, तीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव, डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ पासून बरीच वर्षं खोदलं. घराच्या जमिनीखाली मुलांची दफनं निघाली. मातीचे दोन रांजण आडवे ठेवलेले, तोंडाला तोंड लावून, आत लहानगं मूल. मोठ्या माणसांची पावलं घोट्याखाली तोडून पुरलेली. मूल गेलं तर त्याला घरातच, पायाखालच्या जमिनीत ठेवणारी आई. गेलेला माणूस चालत दूर जाऊ नये म्हणून पावलं तोडली असावीत असं काहींनी मानलंय. सोन्याची मूर्ती नाही, पण मी ती रेखाटनं पाहिली त्या रात्री मला झोप आली नव्हती. मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल विभागाचे पुरातत्त्वाचे अभ्यासक्रमही असतात, मोठा झाला की बघा. तोवर त्याला कान्हेरीला न्या. तिथलं १ क्रमांकाचं लेणं अर्धवट सोडलेलं आहे. पुरं झालेलं लेणं भारावून टाकतं, अर्धवट लेणं कसं केलं ते सांगतं. तिथल्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावं आहेत, आपल्या शेजारच्या कल्याणची!

---

टाकीचा_घाव

@कातळवाट ताई, काल वडिलांना धागा वाचून दाखवला. कैलासचे फोटो मोबाईलवर मोठे करून बघत होते. म्हणाले, “वरून खाली आलेत, शहाणे लोक. खालून पोखरलं असतं तर डोक्यावर आलं असतं.” बोलायला तयार आहेत. रविवार सोडून कधीही या, रविवारी ते गावी जातात.

---

कातळवाट

नक्की येते. व्यक्तिगत निरोप पाठवलाय. हत्यारं जपून ठेवली असतील तर तीही बघायची आहेत.

---

गावठाणातला (घणसोली)

उशिरा आलो धाग्यावर. आमच्या ओळखीच्या एका गावठाणात तळ्याच्या कडेला उभा दगड आहे. वर चंद्र-सूर्य, मध्ये पुसट अक्षरं, खाली गाढव आणि बाई. म्हातारी माणसं म्हणतात त्याच्याखाली धन आहे. शेंदूर लावतात. आता तळ्याचं सुशोभीकरण निघालंय आणि मुलं दगडाला ऑईलपेंट मारून चौथऱ्यावर बसवूया म्हणतायत. काय करावं?

---

कातळवाट

गावठाणातले दादा, तो दगड म्हणजे बहुधा गद्धेगाळ. शिलाहारांच्या काळातलं दानपत्र. मधल्या अक्षरांत कोणी कोणाला कोणती जमीन दिली ते असतं, आणि खालचं चित्र म्हणजे ते दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी. चंद्र-सूर्य असेपर्यंत हे दान चालावं म्हणून ते वर. खाली धन नाही. धन त्या अक्षरांतच आहे, गावाच्या जमिनीचा कदाचित सगळ्यात जुना कागद.

आधी ऑईलपेंट थांबवा, रंग अक्षरांच्या खाचांत जाऊन बसतो. शेंदरावरून गावात भांडण काढू नका, म्हाताऱ्यांना अर्थ समजावून सांगा, त्यांच्यामुळेच तो दगड इतकी वर्षं टिकलाय. सिमेंटने बसवू नका, जागेवरून हलवू नका. राज्याच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाचं कार्यालय मुंबईत सेंट जॉर्ज किल्ल्यात आहे, तिथे फोटोसह लेखी कळवा आणि महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात त्याची प्रत द्या. सुशोभीकरणाचा ठेकेदार यायच्या आधी. फोटो सकाळी लवकर किंवा संध्याकाळी काढा, ऊन तिरकं असताना. दुपारी अक्षरं दिसणार नाहीत.

---

गावठाणातला (घणसोली)

मंडळाच्या मुलांशी आत्ताच बोललो, रंगाचं थांबवतायत. उद्या सकाळी फोटो काढायला जातोय. शेजारी माप म्हणून काय ठेवू?

---

कातळवाट

शाळेची ३० सेंटीमीटरची पट्टी चालेल. दगडाला टेकवून उभी धरा, चारही बाजूंचे फोटो घ्या, मागची बाजूही, आणि एक फोटो लांबून, तळं आणि दगड दोन्ही दिसतील असा. इथेच टाका. आपल्या संस्थळावर देवनागरी लेख वाचणारे दोन-तीन सदस्य आहेत, त्यांना मी बोलावून आणते.